गाडी उभी असताना

भूमितीच्या बाई गाडी घेऊन आल्या तेव्हा मी जेवायला बसायच्या बेतात होतो. थंडीचे दिवस. दुपारचं ऊन वर्कशॉपच्या दारातून आत सरकलेलं. डबा उघडतोय तोच बाहेर इंजिनाचा आवाज आला आणि मी झाकण परत लावलं. डॉक्टरला कसं, पेशंट जिन्यात असतानाच त्याचा खोकला ऐकू येतो आणि निम्मं दुखणं कळतं, तसं आमचं आहे.

"जेवून घ्या, मिस्त्री," बाई काच खाली करून म्हणाल्या. "मी थांबते. पण गाडी बंद करणार नाही हं. बंद केली की हिचं दुखणं तुम्हाला दिसायचं नाही."

अर्ध्या गावाला वर्तुळं आणि त्रिकोण शिकवून त्या रिटायर व्हायला आल्या होत्या. बोलणं एकदम मोजूनमापून. गाडी जुनी, कार्बोरेटरवाली, त्यांनी नुकतीच दलालाकडून घेतलेली. आधीचा मालक कोण, ते दलालालाही ठाऊक नव्हतं. कुठल्याशा आवारात बरीच वर्षं धूळ खात उभी होती म्हणे.

"चालताना अगदी गुणी पोर आहे," बाई म्हणाल्या. "पण उभी राहिली की धाप लागते. मरायला टेकते आणि परत येते. मरत मात्र नाही."

मी बॉनेट उघडून कान दिला. तसंच होतं. आवाज खाली खाली जायचा, इतका की पुढचा ठोका आता पडतोय की नाही असं वाटायचं. मग कोणीतरी हाक मारल्यासारखं इंजिन दचकून वर यायचं, जरा वेळ भरधाव फिरायचं आणि पुन्हा दमत खाली. तुम्हीही गाडी चालवता, तुमच्या कानावर कधीतरी पडलं असेल असलं आयडलिंग. कुठूनतरी चोरून हवा शिरते, नाहीतर जेटमध्ये कचरा अडकतो. साधं काम.

"संध्याकाळी घेऊन जा," मी म्हणालो.

हा दिवा जरा तुमच्याकडे सरकवतो. लाइट काही इतक्यात येत नाही, तोवर ऐका.

त्या संध्याकाळी गाडी झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कार्बोरेटर उतरवला, पेट्रोलमध्ये बुडवून एकेक भोक फुंकून साफ केलं. प्लग नवे घातले. पॉइंटची फट बघितली. रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. मॅनिफोल्डच्या कडेने स्प्रे मारत गेलो. हवा गळत असेल तर तिथे इंजिनाचा सूर बदलतो. सूर कुठेच बदलला नाही. हवेचा स्क्रू केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. गाडी आपली धाप लागल्यासारखी खाली-वर, खाली-वर.

तिसऱ्या संध्याकाळी माझी लेक आली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सुटली की वर्कशॉपवर यायची आणि आम्ही बरोबर घरी जायचो. तिची आई गेल्यापासूनची ही सवय. रिकाम्या घराचं कुलूप तिने एकटीने उघडू नये असं मला वाटायचं आणि मी एकट्याने उघडू नये असं तिला. हे आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही.

"अजून हीच?" असं म्हणत ती गाडीचं दार उघडून ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसली. पर्स मांडीवर घेतली.

आणि इंजिन सरळ झालं.

मी पाना हातात धरून उभाच राहिलो. धाप नाही, दचकणं नाही. पाण्यासारखा नितळ आवाज.

"उतर बरं," मी म्हणालो. ती उतरली. इंजिन पुन्हा कण्हायला लागलं. "बस." नितळ. "उतर." कण्हणं.

"सापडलं!" मला इतका आनंद झाला की काय सांगू. "सीटखालून पेट्रोलची नळी गेलीय. वजन पडलं की सरळ होते, वजन उठलं की दुमडते."

मी सीट काढली. नळी ठणठणीत होती. सीट परत बसवली, वर वाळूची पोती ठेवली, लेकीपेक्षा जड. इंजिनाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्या सीटवर माणूस बसलं तरच ते शांत व्हायचं.

"बाबा, माझ्या आधी कोण बसलं होतं हिच्यात?" लेकीने विचारलं.

"कोणी नाही. का गं?"

"सीट कोमट होती." तिने हात चोळले. "जाऊ द्या. चला घरी."

त्यानंतर मी गाडी रस्त्यावर काढून बघायची ठरवली. दिवस मावळत होता, नुकतं धुकं उतरत होतं. मी कुठे वळलो याकडे माझं लक्ष नव्हतं. कान इंजिनात होते. भानावर आलो तेव्हा शिवणकारखान्याच्या रस्त्याला लागलो होतो. माझी बायको त्या कारखान्यात कापड बेतायची. निळा खडू घेऊन अख्ख्या ठाणावर एका दमात रेघा ओढायची. संध्याकाळी समोरच्या बसथांब्यावर उभी राहायची आणि मी वर्कशॉप बंद करून तिला घ्यायला यायचो. कामाला आलेली कुठलीही गाडी असायची. कधी मोठी, कधी खटारा. "आज काय, राणीचा रथ?" म्हणायची आणि बसायची. ती गेल्यावर मी त्या रस्त्याला फिरकलो नव्हतो. लांबचा वळसा घ्यायचो. तेव्हा तिच्याविना दुसरा हिवाळा चालू होता.

थांबा रिकामा होता. मी गाडी उभी केली. का केली, नका विचारू. इंजिन दमायला लागलं, खाली, अजून खाली, आता गेलंच. मी हात लांब करून शेजारचं दार उघडलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "बस लवकर. मागे गाड्या लागल्यात."

मागे कोणी नव्हतं. रस्ता सुनसान. पण सीटची स्प्रिंग कुरकुरली. गाडी माझ्या डाव्या अंगाला जराशी कलली. आणि इंजिन… नितळ.

मी बघितलं नाही. मान वळवली तर ती निघून जाईल, एवढंच मनात होतं. दार लावलं, गिअर टाकला आणि हळूहळू घराकडे निघालो. गाडीत खडूचा वास होता. मग बोलायला लागलो. लेकीची लॅब बदलली, मागच्या नळाची गळती थांबली, तुझ्या मशीनला मी तेल देतो पण चालवत कोणी नाही. असलंच, फुटकळ. उत्तर येत नव्हतं. पण मी बोलत असलो की इंजिन अगदी एकसारखं चालायचं, कोणीतरी मन लावून ऐकावं तसं.

त्या दिवसापासून मी रोज जायला लागलो. लेकीला सांगितलं, काम तुंबलंय, तू आपली घरी पुढे हो. बाईंना निरोप धाडला की गाडीला अजून वेळ लागेल. "सावकाश करा, मला घाई नाही," असं त्यांचं उत्तर आलं. दिवसभर इतर गाड्यांची कामं कशीबशी उरकायचो आणि ऊन कलायला लागलं की माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. दाढी करायला लागलो. एक चांगला शर्ट वर्कशॉपमध्येच आणून ठेवला होता, निघताना चढवायचो. हसू नका. म्हणजे हसलात तरी चालेल, तेव्हा मलाही अधूनमधून हसू यायचं.

थांब्यावर उभं राहायचं, दार उघडायचं, स्प्रिंग कुरकुरली की निघायचं. तिला सांगायचं राहिलेलं इतकं होतं! ती गेली तेव्हा मी रस्त्यात बंद पडलेल्या कोणाच्यातरी गाडीखाली होतो, मला बोलवायला माणूस येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेही एका संध्याकाळी सांगितलं. इंजिन इतकं मऊ झालं की मला रडूच आलं.

एक होतं. माझी डावी बाजू गार पडायला लागली होती. डावा हात, डावा खांदा, डावा कान. रात्री पांघरुणातही ऊब यायची नाही. लेकीने जेवताना माझ्या हातातून घास निसटताना बघितला आणि ताट बाजूला सारलं.

"बाबा, तुम्ही त्या गाडीत कोणाशी बोलता?"

मी निसटलेला घास वेचायला लागलो.

"माझ्या मैत्रिणीने पाहिलं. म्हणाली, तुझे बाबा एकटेच हसत चालले होते."

मग मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल, नाहीतर चिडेल. ती शांतपणे ऐकत होती. डोळे भरले होते तिचे. आई तिचीही होतीच की.

"तुम्हाला कसं कळलं, की आईच आहे?"

"खडूचा वास येतो गं. तुझ्या आईचा."

"बाबा…" ती हळूच म्हणाली. "गाडी बाईंची आहे. बाई रोज फळ्यावर लिहितात."

मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो तिच्यावर. ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी धुकं फार होतं. मी नेहमीसारखा निघालो. वर्कशॉपच्या दारातून बाहेर पडतानाच गाडी डावीकडे कललेली होती आणि इंजिन नितळ चालत होतं. थांबा अजून लांब होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. म्हटलं, आज तिला धीर नाही निघाला, स्वतःच आली.

तरी मी थांब्याशी गेलो, सवयीने. आणि थांब्यावर ती उभी होती.

तोच खांबाला टेकलेला खांदा, तीच खाली घातलेली मान. मी ब्रेक दाबला. दिव्याच्या उजेडात तिने तोंड वर केलं तेव्हा कळलं, लेक होती. अंगकाठी आईचीच उचललीय तिने.

"आज मीही येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. दार उघडलं, आत वाकली आणि सीटवर हात टेकला.

आणि तशीच राहिली.

"बाबा…"

"काय गं?"

"इथे… कोणीतरी बसलंय."

"आई आहे ती." मी अगदी सहज म्हणालो.

तिने मान हलवली. चेहरा पांढराफटक. "आई नाही… पँट आहे… ओली. बाबा… माझं मनगट धरलंय. हात मोठा आहे… खूप मोठा…"

माझा पाय ब्रेकवर होता, अॅक्सिलरेटरवर नव्हता. तरी इंजिन वर वर चढायला लागलं. मी दार ढकलून बाहेर उडी मारली आणि गाडीला वळसा घालून धावलो. चार पावलांचं अंतर ते, संपता संपेना. इंजिन किंचाळत होतं. मी पोचलो तेव्हा लेक फुटपाथवर मागच्या मागे पडली होती, मनगट छातीशी धरून.

माझ्या डोळ्यांदेखत गाडीचं दार लागलं. आपटलं नाही. त्या गाडीचं दार जरा उचलून लावावं लागायचं, नाहीतर बसायचं नाही. तसं उचलून, हलकेच लावलं गेलं.

आणि इंजिन शांत झालं. इतकं शांत आयडलिंग मी उभ्या आयुष्यात ऐकलेलं नाही.

काचेतून डोकावलं तर सीट रिकामी. मी ड्रायव्हरच्या बाजूने हात घालून किल्ली फिरवली. गाडी निमूट बंद झाली. तिला तिथेच सोडून आम्ही दोघं हातात हात धरून चालत घरी आलो. वाटेत लेक एवढंच म्हणाली, "मला मागून कोणीतरी ओढलं, बाबा. कोपराला धरून. मागे कोणी नव्हतं."

घरी आल्यावर दिव्याखाली तिने हात पुढे केला. मनगटावर काही नव्हतं. पण कुडत्याच्या बाहीवर, कोपराच्या जरा वर, खडूची रेघ होती. निळी. एका दमात ओढलेली, सरळ.

आम्ही दोघं त्या रेघेकडे बघत बसलो. लेकीने तिच्यावरून हलकेच बोट फिरवलं.

"ती थांब्यावर होती, बाबा."

"रोज?"

"रोज असेल."

आणि मी रोज तिच्या डोळ्यांसमोर दार उघडत होतो. ती बसायच्या आत कोणा दुसऱ्याला घेऊन, हसत, बोलत निघून जात होतो.

दुसऱ्या दिवशी मी दोरी बांधून गाडी वर्कशॉपवर ओढून आणली. संध्याकाळी चालत थांब्यावर गेलो. त्यानंतरही बऱ्याच संध्याकाळी गेलो. खांबाला टेकून उभा राहायचो, तिच्या बाजूला जागा सोडून. काही नव्हतं. कारखान्यातल्या बायका यायच्या, बस यायची, बायका जायच्या. मग उरायचा तो नुसता थांबा. आधी तो रिकामा असला तरी असा रिकामा वाटायचा नाही.

मग बाई आल्या. गाडी झाली का बघायला. मला त्यांना ती द्यायची नव्हती, पण सांगणार काय? त्या बसल्या, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. सुंदर, एकसारखं. मी कशालाही हात लावला नव्हता.

"वा, मिस्त्री!" बाई म्हणाल्या. मग त्यांनी मान जरा तिरकी केली. वर्गात मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते ऐकताना बाई कसं करतात, तसं. बराच वेळ ऐकत राहिल्या. हळूच किल्ली बंद केली आणि उतरल्या.

"मला नको ही गाडी."

"का, बाई?"

"शेजारी कोणीतरी बोलतंय." आवाज खाली आला होता त्यांचा. "भांडण नाही. कोणीतरी कोणाची तरी समजूत काढावी तसं… हळू, पुन्हा पुन्हा."

"बाईमाणूस?"

त्यांनी मान डोलावली, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि मागे न बघता फाटकाबाहेर गेल्या. त्यांना दुसरी गाडी मी बघून दिली, चांगली आहे, उभी असतानाही चालते. या गाडीविषयी आम्ही पुन्हा बोललो नाही.

त्या दिवशी ते दार कोणी उचलून लावलं, हे मला तेव्हा समजलं. लेकीला ओढून काढलं आणि तिच्या जागी तिची आई स्वतः आत बसली.

आता ही गाडी मी भंगारात कशी घालू? आणि ठेवू तरी कशी? लेक म्हणते, नुसती उभी राहू द्या, सुरू करू नका. तिचं खरं आहे. मी तिला शब्दही दिला होता. पण इतके दिवस मी त्या आवाजावाचून काढले होते आणि तो माझ्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या एका दाराआड होता. बाईंना ऐकू येतो, मला का येऊ नये?

गेल्या आठवड्यात लेकीला लॅबमध्ये उशीर होणार होता. दिवस मावळत होता. मी मोठं दार आतून लावलं, गाडीपाशी गेलो, आत बसलो नाही. बाहेर उभं राहूनच खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली.

इंजिन लागलं. नितळ. मी डोळे मिटले आणि कान दिला, जसा पहिल्या दिवशी बॉनेटमध्ये दिला होता. आधी नुसतं इंजिन. मग त्याच्या खाली, खूप खाली, ती. तीच. शब्द कळत नव्हते, फक्त चढउतार. मी दाराला गाल टेकवला. पत्रा गार होता. हळूहळू शब्द वेगळे व्हायला लागले.

"अहो," ती म्हणत होती, "किती वेळ चाललोय आपण… घर कसं येत नाही अजून?"

मी तोंड उघडलं. मी इथे आहे, बाहेर आहे, असं सांगायचं होतं मला. आवाज फुटायच्या आत गाडीतून उत्तर आलं. सावकाश, मायेने, माझ्याच आवाजात.

"तू झोप जरा. अजून खूप लांब जायचंय."